जवळच्याने थांबायचं

आमच्या गाडीत माझी एक सवत बसायची. पुढच्या काचेच्या बरोबर मधोमध, डॅशबोर्डवर, मांडी घालून. ती गायची आणि नवरा गाडी चालवायचा. नजर रस्त्यावरच असायची, पण चेहरा असा की समोर मैफल भरली आहे आणि आपण पहिल्या रांगेत आहोत. मला ती तिथे कधीच सापडली नाही. माझी सीट उजवीकडची, कारण इकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. माझ्याकडे तिचा आवाज दाराच्या खालच्या कप्प्यातून यायचा, जिथे मी टिश्यू पेपर आणि आलेपाक ठेवते, आणि तबला थेट माझ्या गुडघ्यावर वाजायचा.

याला कारण आमचे हे. इकडे परदेशात, ट्रॉयमध्ये आल्यापासून ह्यांनी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत नोकरी केली. रिटायर झाल्यावर इथली माणसं टोमॅटो लावतात, क्रूझवर जातात. ह्यांनी गाडीचे स्पीकर उचकटले आणि नवे बसवले. दारांत दोन, काचेच्या कोपऱ्यांत दोन चिमुकले आणि मागे डिकीत एक धटिंगण, ज्याला मी ढोल म्हणते. मग टॅबवर एक ॲप आलं आणि त्या ॲपमध्ये डिले आले. तेव्हापासून आमच्या घरात डिले हा शब्द मिठापेक्षा जास्त वापरला गेला.

प्रकार असा. गाडीत कुणीच मधोमध बसत नाही. एक स्पीकर गुडघ्याशी असतो, दुसरा पार पलीकडे. आवाज वेगवेगळ्या वेळी कानाशी पोचतात, आणि आपला मेंदू असा उतावळा की ज्याचा आवाज आधी आला त्याच्याच घरी गाणं चाललंय असं ठरवून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक स्पीकरला ॲपमधून बारीकसा डिले, म्हणजे उशीर, द्यायचा, इतका बारीक की डोळ्याचं पातं लवायला त्याच्यापुढे युग लागावं. तो बरोबर जमला की सगळे आवाज एकाच वेळी कानाशी येतात आणि गाणारी बाई दारातून उठून समोर मधोमध येऊन बसते. ‘बाई बसल्या!’ असं हे गॅरेजमधून ओरडायचे. कुणाला किती डिले द्यायचा हेही ह्यांनी मला सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

घरी पाहुणा आला की चहाच्या आधी गॅरेज. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचं, “बाई कुठे बसल्यात? बोट दाखवा.” पाहुणा बोट दाखवायचा, बोट मधोमध गेलं की ह्यांचा चेहरा उजळायचा, आणि आत माझी भजी गार व्हायची. मग कधी आम्ही दोघंच बाहेर निघालो की मलाही विचारायचे, “तिकडे कसं ऐकू येतं गं?” मी म्हणायचे, “छान.” संसारात काही गोष्टींना छान म्हणून टाकायचं असतं. भांडायला पुढे मोठे विषय असतात.

मागच्या वर्षी ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याच्या अगदी मध्ये बिघाड. कडा शाबूत, मधलंच पुसट. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर हे माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझे कान आहेत, केस आहेत, नाक गेलं.”

मी म्हटलं, “बरं झालं. लग्नापासून खुपत होतं तुम्हाला.”

दोघंही हसलो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिले.

डॉक्टरांनी दर थोड्या आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं. आहे ती नजर त्याने टिकेल, म्हणाले. आणि गाडी चालवायची नाही. ह्यांनी मान डोलावली. पुणेरी माणसाची मान डोलते तेव्हा त्याने ऐकलंय एवढंच समजायचं, मानलंय असं नाही. मी नागपूरची, मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

आणि त्यांचंही काय चुकलं? इथे कोथिंबीर आणायची तरी गाडी लागते. फुटपाथवरून नुसतं चालत निघालं तर लोक गाडी हळू करून ‘आर यू ओके?’ विचारतात. गाडी गेली की माणूस घराच्या सामानात जमा होतो. हे रोज सकाळी दुधाचं निमित्त काढून निघायचे, आणि परत येईपर्यंत मी खिडकीशी.

मग शेजाऱ्यांची टपालपेटी वाकली. ह्यांच्या गाडीचा कोपराही त्याच दिवशी खरचटला. मी विचारलं, तर म्हणाले, “बर्फ काढणाऱ्या गाडीने धडक दिली असेल. दर वर्षी देतात.”

“अहो, ऑक्टोबर चाललाय.”

“मग गेल्या वर्षीची असेल.”

नाचता येईना अंगण वाकडं! मी शेजाऱ्यांना नवी पेटी आणून दिली आणि मुलीला फोन केला. ती शिकागोला असते, इथेच जन्मली, कामाचं बोलते. म्हणाली, “आई, जस्ट टेक द कीज. ही कुड किल समवन.”

बरोबरच होतं तिचं. पण किल्ली काढून घेणं म्हणजे काय, ते तिला तिच्या वयात कसं कळणार? ज्या माणसाने मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं, घसरलीस तर ब्रेक दाबू नकोस म्हणून शेजारी शांत बसून राहिला, त्याच्या खिशात मी हात घालायचा होता. माझ्याने होईना. त्यांनी आपण होऊन त्या सीटवरून उठावं, एवढंच मला हवं होतं.

मग तो सकाळचा प्रसंग. आम्ही भाजी आणायला निघालो होतो, हे चालवत होते, बाई मधोमध गात होत्या. समोरून येणारी शाळेची पिवळी बस थांबली, तिच्या अंगातून तो लाल ‘स्टॉप’चा हात बाहेर आला, म्हणजे दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचं, आणि एक मुलगी रस्ता ओलांडायला निघाली. गाडीचा वेग तेवढाच. ह्यांच्या नजरेत त्या जागी काहीच नव्हतं. मी ओरडले ते मराठीत की इंग्रजीत, आठवत नाही. गाडी थांबली. मुलीने मान वरही केली नाही, रमतगमत बसमध्ये चढली. तिच्या दप्तराला लटकलेलं एक कापडी अस्वल मला अजून दिसतं.

त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी किल्ली दाराजवळच्या हुकला अडकवली आणि आत गेले. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण संपलं नव्हतं.

पुढचे दिवस मी चालवायचे, हे उजवीकडे. मी एरवी गाडीत गाणं लावत नाही, मला रस्ता आणि राग एकदम जमत नाहीत. पण ह्यांच्यासाठी मुद्दाम लावलं. ह्यांनी हात पुढे करून बंद केलं. दुसऱ्यांदा लावलं, दुसऱ्यांदा बंद. शेजारी बसलेला माणूस कुठे निघालोय हेही विचारत नाही, त्याचं ओझं किती असतं! हळूहळू हे बाहेर यायचंच टाळू लागले. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नको, भाजीला नको. इंजेक्शनची एक तारीख तर सर्दीचं कारण सांगून कॅन्सल केली. सर्दी डोळ्यात होत नाही, हे मी, आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलेली बाई, त्यांना समजावत बसले.

एका दुपारी हे घरात सापडेनात. हुकवर किल्ली नव्हती. धावत गॅरेजमध्ये गेले तर गाडी जागेवरच होती. इंजिन बंद, आणि हे ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. भीमपलास चालला होता.

“चालवत नव्हतो,” न विचारताच म्हणाले. “ऐकत होतो.”

“घरात ऐका ना. घरात काय कमी स्पीकर आहेत?”

“घरात असं नाही ऐकू येत.” मग म्हणाले, “त्या बाजूला तर गाणंच नसतं गं. नुसता आवाज असतो. एक डोळ्यांचं गेलं, आता हेही जायचंय का?”

 दोन गोष्टी मला एकदम समजल्या. हे त्या सीटला चिकटून होते ते चाकासाठी नव्हते, बाईंसाठी होते. आणि इथे बसून ऐकणारा माणूस एक दिवस गाडी सुरू करणार, गॅरेजचं दार उघडणार आणि शाळेच्या बसच्या वेळेला रस्त्यावर येणार. ते दप्तराचं अस्वल पुन्हा आडवं आलं तर या वेळी ओरडायला मी शेजारी नसेन.

दुसऱ्या दिवशी हे वामकुक्षीला गेले आणि मी टॅब, शिवणाची टेप आणि देवाचं नाव घेऊन गॅरेजमध्ये शिरले. बाईंना उजव्या सीटसमोर बसवायचं होतं. ह्यांचा कान कुठे येतो ते मोजायला हवं होतं, आणि मी त्यांच्या खांद्याला लागते. म्हणून तांदळाची मोठी पिशवी आणून उजव्या सीटवर ठेवली, तिच्यावर कणकेचा डबा, आणि डब्याला ह्यांची कानटोपी घातली. टोपीचे कान मोजायला सोपे. गाडी सुरू करायला बटण दाबलं तशी ती किंचाळायला लागली, कारण उजवीकडच्या माणसाने पट्टा लावला नव्हता. मी तांदळाला पट्टा लावला. उजेडासाठी गॅरेजचं दार उघडं ठेवलं होतं. समोरून कुत्रा फिरवणारी शेजारीण थांबली, तिने टोपीवाल्या डब्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं, “हॅव अ गुड वन!” म्हणाली आणि कुत्र्याला ओढत निघून गेली.

मोजमापं झाली. आता कुणाला किती डिले? मी माझ्या अकलेने विचार केला. लांबून येणाऱ्याला वेळ जास्त द्यावा, हे कुणीही सांगेल. लांबच्या लान्सिंगहून येणाऱ्यांसाठी आमच्या मंडळाचे कार्यक्रम कायम अर्धा तास उशिरा सुरू होतात. तेव्हा पलीकडच्या स्पीकरला भरपूर डिले दिला, मागच्या ढोलाला त्याहून जास्त, बिचारा डिकीतून येतो. जवळच्यांना काहीच दिला नाही, ते घरचेच. पिशवी आणि डबा मांडीवर घेऊन मी उजवीकडे बसले, डोळे मिटले आणि गाणं लावलं.

बाई गाडीतच नव्हत्या. खिडकीबाहेर, शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेमध्ये कुठेतरी गात होत्या. ढोल तर जणू दुसऱ्याच लग्नात वाजत होता.

मला रडू आलं. गाण्यासाठी नाही. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालला होता, आणि त्याला धरून ठेवायला माझ्याकडे होती एक टेप आणि एक तांदळाची पिशवी. मी त्या पिशवीवर हात ठेवून बसून राहिले. असाच तांदूळ आम्ही मंडळाच्या गणपतीला आणतो, पोतीच्या पोती. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतो, पण जेवण बुफेचं नाही. लांब टेबलं मांडून पंगतच बसवायची हा आमच्या ह्यांचा हट्ट. आणि पंगतीत दर वर्षी ह्यांचं एकच काम, किचनच्या दाराशी उभं राहून ओरडायचं, “थांबा! तिकडे टोकाला अजून वरण पोचलं नाही. कुणी सुरुवात करायची नाही!” किचनजवळच्यांच्या पानात भात आधी पडतो. ते बिचारे हात मांडीवर ठेवून वाफ बघत बसतात. टोकाला शेवटचं वरण पडलं की श्लोक होतो आणि सगळे एकदम जेवायला लागतात.

टोकाच्यांना कुणी थांबा म्हणत नाही. त्यांना आधीच उशीर झालेला असतो. थांबायचं असतं ते जवळच्यांनी!

मी कपाळावर हात मारून घेतला. डबा डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी होतं. मागच्या ढोलाचा डिले शून्यावर आणला, तो सगळ्यांत टोकाचा पाहुणा. मग पलीकडचे दोघे, त्यांना थोडासा. आणि माझ्या गुडघ्याशी बसून इतकी वर्षं मला छळणारा दारातला स्पीकर आणि त्याच्या वरचा चिमुकला, त्यांना सगळ्यांत जास्त थांबवलं. पुन्हा डोळे मिटले.

दारातून कुणीतरी उठलं. खरंच, तसंच वाटलं. आवाज माझ्या कोपरापासून निघाला आणि समोर काचेशी जाऊन बसला. तानपुरा मागे पसरला, तबला बाईंच्या बाजूला नीट मांडी घालून बसला. मी पहिल्यांदा माझ्या सवतीला तिच्या जागेवर पाहिलं. काय गात होती ती! ह्यांचं काही चुकलं नव्हतं, मीही त्या माणसाच्या जागी किल्ली सोडली नसती.

इंजेक्शनची पुढची तारीख आली तेव्हा मी एवढंच म्हटलं, “चला, मी सोडते.” हे मुकाट्याने उजवीकडे बसले. रस्त्याला लागल्यावर मी गाणं लावलं. ह्यांचा हात सवयीने बंद करायला पुढे गेला, आणि अर्ध्यावरच राहिला.

बराच वेळ तो हात तसाच होता. मग खाली आला. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण शेजारचा श्वास बदललेला कळतो. भीमपलासचा पहिला आलाप संपला, तेव्हा हे म्हणाले, “एक इंच डावीकडे बसल्यात.”

मी म्हटलं, “उपकार माना बसल्यात त्या!”

“कुणी केलं?”

“तांदळाने.”

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. अपॉइंटमेंटला वेळ होता. टॅबवरचे बारीक आकडे ह्यांना दिसत नाहीत, म्हणून मी बोट सरकवायचं आणि ह्यांनी डोळे मिटून सांगायचं. “थोडं अजून. अजून. फार झालं, मागे ये. बस्.” बऱ्याच दिवसांनी त्या आवाजात हुकूम होता. मग हळूच म्हणाले, “बाई बसल्या.” आणि त्यांच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं. मी पुसलं नाही. त्यांचं त्यांना पुसू दिलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आणि तिकडे? तुला कसं ऐकू येतं?”

माझ्याकडे सगळं गाणं डाव्या दारातून येत होतं. बाईंचा श्वास माझ्या कोपराला लागत होता.

“छान,” मी म्हटलं.

“खोटारडे,” हे म्हणाले. “तिकडे सगळं दारात असणार. एका सीटचं जमवलं की दुसरीचं बिघडतंच, त्याला इलाज नाही. मला माहीत आहे.” मग म्हणाले, “मला तेव्हाही माहीत होतं.”

मी म्हटलं, “मग दर वेळी विचारत कशाला होतात?”

“तू छान म्हणायचीस, ते ऐकायला बरं वाटायचं.”

त्यांनी दार उघडलं, उतरले आणि बॉनेटवर हात टेकत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. माझं दार उघडलं. आता म्हणणार, उतर, परत जाताना मी चालवतो. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

“सीट नीट कर,” म्हणाले. “पुढे घे अजून. ब्रेकला पाय पोचतोय ना पूर्ण? आरसे बघ.”

मी सीट हवी तशी सरकवली, आरसे लावले. मग हे वाकले. माझ्या दारावर सीटच्या जागा लक्षात ठेवणारी बटणं आहेत. एक नंबर त्यांचा, दोन नंबर माझा, गाडी घेतली त्या दिवसापासून. त्यांना ती बटणं दिसत नव्हती, बोटांनी चाचपत होते. आधी सेटचं बटण सापडलं, ते दाबलं. मग बोट एकावर गेलं आणि तिथेच दाबून धरलं. गाडीने बारीकसा बीप दिला.

“एक नंबर आता तुझा,” हे म्हणाले, आणि माझं दार हळूच लोटून इंजेक्शन घ्यायला निघाले. मी उतरून त्यांचा हात धरेपर्यंत पार्किंगच्या मधोमध माझ्यासाठी थांबून राहिले होते.